कोथिंबिरीशेजारी

वलगावच्या माणिकबाई भाजीवालीच्या घरी नात खुशीनं ऐन मे महिन्यात सेंट बर्नार्ड कुत्र्याचं पिल्लू आणलं. "बर्फातलं जनावर वऱ्हाडात मराले आनलं कावून?" म्हातारी कडाडली. तिसऱ्या दिवशी पिल्लू धापा टाकत पडलं, खाणंही सुटलं. खुशीनं रडतरडतच चिखलदऱ्याच्या ओळखीच्या काकांना फोन केला. तिथल्या गारव्यात तरी ते जगेल.

काका आले, तेव्हा पिल्लू भाजीच्या खोलीत, कोथिंबिरीशेजारी ओल्या बारदानावर निवांत झोपलं होतं आणि म्हातारी त्याचा पंजा हातात घेऊन निरखत होती.

"आजी, काका त्याले न्याले आले."

"चहा पाज अन् वापस धाड."

"तुलेच तं नको होतं ना!"

"नकोच हाय. पन पंजा आतापासूनच माह्या तळहाताएवढा! हे वाढते तरी किती, ते पाह्यल्याबिगर देऊ कसं?"