हौसाची लाथ

"पालथे झोपा, काका," फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली. सोपानराव कंबर धरून खाटेच्या कडेलाच बसून राहिले. मणक्यातली गादी सरकली आहे, आधी व्यायाम करू, नाहीच जमलं तर इंजेक्शन, आणि ऑपरेशन अगदी शेवटी, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोपानरावांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या बायकोला, हौसालाही असंच गोड बोलून ऑपरेशनला नेलं होतं, ती घरी परत आलीच नाही. आजही सुनेनं बळंच आणलं म्हणून ते आले होते.

"तू पायाळू आहेस का?" त्यांनी संशयानं विचारलं.

"म्हणजे?"

"पायाकडून जन्मलेली. माझी बायको होती. आळीत कुणाला उसण भरली, की तो तिची लाथ खायला आमच्या दारात हजर."

"मी तर सिझेरियनची," मुलगी हसली. "आणि लाथ मारत नाही. झोपा आता."

सुनेनं डोळे वटारले, तेव्हा ते कुरकुरत पालथे झाले. मुलीनं कंबरेवर तळहात टेकवून हळूहळू दाब दिला. कळ येणार म्हणून त्यांनी दात आवळले, पण कळ आली नाही. उलट पायातल्या मुंग्या कमी झाल्या.

"बरं वाटतंय?"

लाथ मारून झाली की हौसाही हेच विचारायची. बरं वाटत असलं तरी ते नाही म्हणायचे, म्हणजे तिचा पाय पाठीवर आणखी एकदा पडायचा.

"नाही," सोपानराव उशीत तोंड खुपसून म्हणाले. "आणखी एकदा."