खुर्चीची पाठ

“टेकून बसा,” फिजिओथेरपिस्ट बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. नुकतीच कामाला लागलेली, सगळे जिला ‘नवी’ म्हणत, ती पोरगी पुन्हा खुर्चीच्या कडेवर सरकली होती.

पार्सल कंपनीच्या तक्रार विभागात सकाळपासून हाच कार्यक्रम चालला होता. पाठदुखीच्या रजा वाढल्या, तेव्हा साहेबांनी वरच्यांशी भांडून नव्या खुर्च्या मंजूर करून आणल्या. कमरेला आधार, पाठीला जाळी, उंची हवी तशी. गोदामाचं काम बघणाऱ्या पुरुषांची दुखणी पंधरवड्यात पळाली. फोन घेणाऱ्या बायकांची मात्र होती तिथेच राहिली. खुर्च्या सगळ्या एकाच टेम्पोतून उतरलेल्या. म्हणजे दोष बसणाऱ्यांचाच, असं साहेबांनी ठरवलं आणि बाईंना स्वतः फोन करून बोलावून घेतलं.

साहेबांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या लक्षात असत. रजा अडवायचे नाहीत. एखादं गिऱ्हाईक फोनवर फारच तापलं, तर धावत यायचे आणि मागे उभं राहून धीर द्यायचे.

पुरुषांचं काम बाईंनी झटपट उरकलं. ते पोत्यासारखे बसत होते. त्यांना सरळ केलं, एकमेकांची टिंगल करून झाली, संपलं. बायकांच्या रांगेपाशी मात्र बाई बुचकळ्यात पडल्या. इथे पोक काढून कुणीच बसलेलं नव्हतं. सगळ्याजणी ताठ, पण अर्ध्याच खुर्चीवर, पाठ अधांतरी. एवढी महागाची खुर्ची आणि तिच्याशी जणू अबोला धरलेला. असं का, म्हणून विचारलं, तर सगळ्यांत जुन्या मावशींनी सवय म्हणून सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नवीचं दुखणं सगळ्यांत जास्त होतं. घरी पोचली की ती आधी जमिनीवर आडवी व्हायची, आणि आई मलम चोळता चोळता कंपनीचा उद्धार करायची. नवी विषय बदलायची. तिला अजून कायम केलेलं नव्हतं. तो कागद साहेबांच्या सहीसाठी थांबला होता, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

बाईंनी नमुना म्हणून तिलाच निवडलं. तिच्या खुर्चीची उंची जुळवली, पावलं जमिनीला टेकवायला लावली, मग खांद्यांना धरून हलकेच मागे घेतलं. पाठ जाळीला लागली. नवीचा चेहरा सैलावला. इतक्यात साहेब बघायला म्हणून तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. नवी पुढे सरकली. बाईंनी पुन्हा मागे घेतलं, ती पुन्हा पुढे.

आता तिसऱ्यांदा सांगूनही ती टेकेना, तेव्हा बाईंचा धीर सुटला. साहेब मात्र हसत होते.

“फार ताठ आहे आमची पोरगी,” ते म्हणाले. “ऐक ना बाईंचं.”

“दुखतंय तुम्हाला, मला नाही,” बाई नवीला म्हणाल्या. “अडचण काय आहे, ते तरी सांगा.”

नवीने मावशींकडे पाहिलं. मावशी खाली मान घालून कीबोर्ड पुसत होत्या. सहीसाठी थांबलेला तो कागद नवीला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता.

“साहेबांनी हात काढला की टेकते,” ती म्हणाली. “त्यांची बोटं पाठीवरून फिरतात.”

कुणाचा तरी फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. साहेबांनी हात काढला, आणि कुठे ठेवावा ते न सुचून खिशात घातला. ते काहीतरी बोलणार होते, पण बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या रांगेकडे बघत होत्या. तिथे मावशींपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत, कुणी न सांगता, एकेकजण मागे टेकत होती.