बेडकाच्या वतीनं

गोसावी सरांनी रेणुकाच्या अंतर्देशीय पत्राला बावीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'बेडकाला विचारता येत नाही, म्हणून मी विचारते. सर, त्याला दुखत होतं ना?'

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टाचण्यांनी ट्रेवर ताणलेला बेडूक पोट फाडताना पाय झाडू लागला, तेव्हा तिनं टाचण्या उपसून काढल्या होत्या. "त्याला काही कळत नाही, ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया," असं सगळ्यांना सांगून सरांनी तिला शून्य गुण दिले. तिचं मेडिकल हुकलं.

आज अतिदक्षता विभागात तरुण डॉक्टरनं सरांच्या बेशुद्ध पत्नीच्या तळपायावर किल्ली ओढली. पाय झटक्यानं आक्रसला.

"हळू," सर पुटपुटले. "दुखत असेल तिला."

"त्यांना काही कळत नाही, सर. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला," तो प्रेमानं म्हणाला.

सर खाली आले. पोस्टात कार्ड घेऊन त्यांनी तिथंच लिहिलं, 'दुखत होतं. क्लोरोफॉर्म मीच कमी घातला होता. ते लपवायला खोटं बोललो.' रेणुकाचा पाठ झालेला पत्ता लिहिताना, तो बदललाही असेल, असं वाटून हात थांबला. मग त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.