मूठभर माती

राजस्थानच्या वाळवंटातल्या खेजडीच्या झाडांच्या मुळांपाशी राहणारे, कोरड्यात झाड तगवणारे जिवाणू संघप्रियानं प्रयोगशाळेत वाढवले आणि सोनारीला येऊन विठाआत्याच्या तुरीच्या बियाण्याला चोळले. पेरणीनंतर दीड महिना पाऊस फिरकला नाही. गावभर तुरींनी माना टाकल्या; आत्याची तेवढी तरारून उभी. "जिंकलीस गं पोरी," आत्या फोनवर म्हणाली.

सप्टेंबरात आभाळ फाटलं. तीन दिवस नदी शेतातून वाहिली. पाणी ओसरताच संघप्रिया धावत आली.

"आत्या, तूर गेली तरी जिवाणू मातीत टिकतात. मूठभर माती द्या मला, तपासून बघते."

"कुठली देऊ, बाई? पायाखाली बघ की."

शेतभर नुसता खडक उघडा पडला होता. एवढी माती पुन्हा साचायला शेकडो वर्षं लागतात, हे आत्याला सांगायचा संघप्रियाला धीर झाला नाही.