जोडी
आर्वीच्या कापूस गोदामाची परांची कोसळली, एका मजूर बाईचा पाय मोडला. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालच्या पेटी ठेकेदार बाबारावांनी मजुरांचा विमा काढला होता, पण भरपाई हजेरीपटात नाव असलेल्यांनाच मिळायची. नवराबायको म्हणजे एक जोडी, एकच ओळ, नाव नवऱ्याचं; हीच रीत. विम्याचा साहेब दहाच्या एसटीनं यायचा होता. बाबाराव दवाखान्यात तिच्या खाटेभोवती येरझारा घालत होते. “चिंधू, बायकोचं नाव सांग लवकर.” नवऱ्यानं मान खाली घातली. “मी कसं घेऊ, मालक? गण्याची माय म्हनतो तिले.” खाटेवरून तीच बोलली, “मनकर्णा. तीन वर्सं झाले कामावर, आज इचारून राह्यले.” बाबारावांनी सोबत आणलेल्या हजेरीपटात शाईच्या पेनानं दोन ओळींच्या फटीत नाव कोंबलं. साहेबानं आल्याबरोबर त्यावरून बोट फिरवलं, बोट निळं झालं. “इतकं बारीक अक्षर का?” बाबाराव म्हणाले, “जागाच ठेवली नव्हती, साहेब.”