पहिलं नाव

एडिनबरोच्या परिषदेत मृण्मयीचा लॅपटॉप ऐन वेळी बंद पडला. चार्जर नुसताच लोंबकळत होता. तिथल्या सॉकेटसाठी तिने आणलेल्या एकुलत्या एक अ‍ॅडॉप्टरवर विभागप्रमुख देवस्थळी सरांचा फोन चार्ज होत होता.

“सर, माझा चार्जर तुम्ही काढलात?”

“अगं, फोटोंसाठी फोन नको का? तुला तर सगळं पाठ आहे!”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खारफुटीच्या चिखलात वर्षानुवर्षं ती एकटी राबली होती. सर तिकडे फिरकलेही नव्हते, तरी पहिल्या स्लाइडवर त्यांनी स्वतःचं नाव आधी घालायला लावलं होतं.

तेवढ्यात तिला व्यासपीठावर बोलावलं गेलं. ती रिकाम्या हातांनीच माइकपाशी गेली.

“हे संशोधन माझं एकटीचं आहे,” ती ठणकावून म्हणाली.

फोटोसाठी हसत उभे राहिलेले सर मटकन खाली बसले.