मुठीखालचा नंबर

"काका, नंबर काहीही निघो, तुम्ही ते नवंच आहे असं सांगा," नम्रता म्हणाली आणि तिने लगेच दाराकडे पाहिलं.

कचरू सोनवण्यांनी चष्मा कपाळावर चढवला. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात त्यांनी अडतीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा ते विश्रांतवाडीहून नारायण पेठेतल्या या शस्त्रांच्या दुकानात येत आणि जुन्या रिव्हॉल्व्हरचं वय नंबरावरून काढून देत. त्यांचा सहीचा दाखला शस्त्रपरवान्याच्या कचेरीत बिनबोभाट चाले, कारण तो कधी चुकलेला नव्हता. निदान ते स्वतः तरी सगळ्यांना तसंच सांगत.

"ताई, नंबर म्हणजे जन्मदाखला. तो कुणाच्या सोयीने बदलत नसतो. वय कमी करून हवं असेल तर ब्युटी पार्लर पलीकडच्या गल्लीत आहे."

नम्रता हसली नाही. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रणजित गाडी लावायला गेलाय. तो यायच्या आत सांगते."

पेठेत चारचाकी लावायची म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. तरी ती भरभर बोलत होती. सासरे दिवाळीत गेले. तेव्हापासून त्यांचं रिव्हॉल्व्हर या दुकानाच्या तिजोरीत जमा होतं. पुरेसं जुनं निघालं, तर जुनी वस्तू म्हणून रणजितला परवान्याशिवाय घरी नेता येईल, असं कचेरीने सांगितलं होतं. नवं निघालं, तर सरकारजमा.

"सासऱ्यांनी जाताना त्याच्याकडून शब्द घेतला. घराण्याची निशाणी आहे, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस. पण काका, त्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले. झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. परवा म्हणाला, मी नसलो तर तुमचं सुरळीत होईल. आणि रोज विचारतो, रिव्हॉल्व्हर घरी कधी येणार. काडतुसं मी पोलिसांकडे दिली, पण तेवढीच होती का, देव जाणे."

"मग कचेरीत हे सांगा ना."

"सांगितलं. म्हणाले, घरचं घरात मिटवा."

सोनवणे काही बोलणार, तेवढ्यात रणजित आत आला. चाळिशीचा माणूस, पण शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

"पार नदीपात्रात लावून आलो," तो म्हणाला. खुर्चीवर बसला. उठला. पुन्हा बसला आणि पाय हलवायला लागला. त्याचा बूट टेबलाच्या पायाला लागून टकटक वाजत होता.

सोनवण्यांनी काडतुसांची चक्री उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मग मुठीचा स्क्रू काढला. लाकडी फळी निघाली. खालच्या काळपट पोलादावर त्यांनी खडूची पूड चोळली आणि बोटाने पुसली. पाच आकडे पांढरे होऊन वर आले. नळीवर १८८९ कोरलेलं होतं, पण ते पेटंटचं साल. हौशी लोक तिथेच फसतात. खरं वय मुठीखाली असतं. एरवी या मुद्द्यावर सोनवणे अर्धा तास व्याख्यान झोडत.

आज त्यांनी सरळ आपली जाडजूड वही उघडली आणि नंबरांच्या रांगेवरून बोट फिरवलं. बोट १८९७ वर थांबलं. शंकेला जागाच नव्हती.

"काय निघालं?" रणजितने विचारलं. टकटक वाढली.

उभ्या आयुष्यात सोनवण्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. उद्या दुसऱ्या कुणी ही फळी उघडली, तर या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. अडतीस वर्षांची इभ्रत एका कागदापायी मातीत. त्यांनी नम्रताकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ती नवऱ्याच्या हलणाऱ्या पायाकडे बघत होती. सोनवण्यांना स्वतःचाच संताप आला. अरे गाढवा, विचार कसला करतोयस?

"एकोणीसशे चोपन्न," ते म्हणाले.

"नळीवर तर अठराशे एकोणनव्वद आहे."

"नळी वाचून वय कळलं असतं, तर मला कशाला बोलावलं असतं?"

"म्हणजे घरी येणार नाही?"

"नाही."

त्यांनी दाखला लिहिला, सही ठोकली. सही जरा वाकडी आली. नम्रताने कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला. "मी झेरॉक्स काढून आणते," म्हणाली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली.

टकटक थांबली होती. रणजित पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हरकडे नीट बघत होता.

"काका, ते अठराशे सत्त्याण्णवचं आहे."

सोनवण्यांच्या बोटांतून स्क्रू निसटला आणि फरशीवर घरंगळत गेला. तो शोधायचंही त्यांना सुचलं नाही.

"तुमच्याआधी इथेच दोघांना बोलावून दाखवलंय," रणजित म्हणाला. "एक कॅम्पातले, एक मुंबईचे. दोघांनी हेच साल काढलं. सहीनिशी लिहून दिलं."

"मग त्यांचा दाखला घेऊन कचेरीत जायचं होतं!" सोनवणे ओशाळून उसळले. "माझ्याकडे कशाला आलात?"

रणजितने समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे पाहिलं. नम्रता रांगेत उभी होती.

"दोन्ही फाडून टाकले, काका. नाहीतर ते घरी आलं असतं."